नाताळच्या उपासनेत उमेदवाराच्या हातात माईक: हे चालतं का?

मिशनकंपाउंड_वाली

सगळ्यांना सलाम. दहा वर्षांनी कोल्हापूर महापालिकेची निवडणूक लागली आणि ती नेमकी नाताळाच्या तोंडावर जाहीर झाली. १५ जानेवारी २०२६ ला मतदान आहे. त्यामुळे यंदा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, केकबरोबर उमेदवारही आले. येऊ देत, नाताळात आपलं दार कुणाला बंद नसतं. पण शेवटच्या आशीर्वादाआधी एका पॅनेलच्या चौघांना पुढं बोलावलं, शाली घातल्या आणि एकाच्या हातात माईक दिला. 'ख्रिस्ती समाज कायम आमच्या पाठीशी राहिलाय' इथून सुरुवात झाली ती दफनभूमीच्या कंपाउंडपर्यंत गेली. मग चर्चचा कारभार बघणाऱ्या एका पंचांनी त्यांच्या विजयासाठी प्रार्थना केली आणि मंडळी आमेन म्हणाली. माझ्या शेजारच्या मावशींचा भाचा समोरच्या पॅनेलमधून उभा आहे. त्यांनी काय म्हणायचं होतं?

पक्ष कुठला ते लिहीत नाही. दुसरा असता तरी हा धागा काढलाच असता.

मला राजकारणाचं वावडं नाही. ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली बायकांची जी परवड चालली होती, त्यावर त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकार कुणाचं होतं? गोऱ्यांचं, म्हणजे लोकांच्या लेखी 'ख्रिस्ती' सरकार. तरी लिहिलं. ख्रिस्ती माणसानं राजकारणात बोलायचं ते असं, असं मला वाटतं. शाल घालणं हा निराळा प्रकार आहे. तुमचं काय मत?

पंचगंगा_घाट

ताई, सलाम. मी तुमच्या मंडळीतला नाही, पण आमच्याकडं पंच म्हणून बरीच वर्षं काढलीत, म्हणून बोलतो. तुम्ही रमाबाईंचं उदाहरण देताय, मी दफनभूमीचं देतो. पावसाळ्यात आत पाणी भरतं. भिंत पडून किती दिवस झाले, कुणी ढुंकून बघत नाही. आपली मतं ती किती, एखाद्या प्रभागात दोन-तीनशे. ती विखुरलेली असली की शून्य, एकगठ्ठा असली की उमेदवार घरी येतो. पेठेतली तालीम पाठिंबा जाहीर करती, मंडळं करतात, जातीच्या संघटना मेळावे घेतात. सगळ्यांनी केलेलं चालतं आणि आपण एक शाल घातली की येशू रडायला लागला? भिंत बांधून देतो म्हणाला तर चार मिनिटं माईक दिला, एवढंच झालं.

मिशनकंपाउंड_वाली

दादा, तालीम ही तालीम आहे. तिथं देवाच्या नावानं आमेन म्हणावं लागत नाही. भिंतीसाठी अर्ज द्या, मोर्चा काढा, मी सगळ्यात पुढं उभी राहीन. नगरसेवकानं भिंत बांधणं हे त्याचं काम आहे, आपल्यावर उपकार नाही.

पंचगंगा_घाट

अर्ज दिलेत की. फाईल जाडजूड झालीय.

वचन_आणि_प्रार्थना

प्रभूमध्ये सलाम. मला दोघांचंही पटत नाही. उपासना ही उपासना. रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय सांगतो की अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. पहिल्या तीमथ्याच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय. आपलं काम तिथं संपतं. शाल नको, आणि व्यासपीठावरून सरकारवर टीकाही नको. आज प्लेगवर बोलणार, उद्या आरक्षणावर, परवा टोलवर. माणूस आठवडाभर टीव्हीवर तेच ऐकतो. रविवारी दीड तास तरी त्याला तारणाचं ऐकू द्या. आमच्या मंडळीत एका घरात तीन पक्ष आहेत आणि प्रभूभोजनाला सगळे एका रांगेत येतात, कारण पाळकसाहेब राजकारणाचा शब्द काढत नाहीत.

बिंदूचौक

वचनवाल्या काका, हे तुम्हाला परवडतं. मला परवडत नाही.

आमच्या प्रभागात एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. माझा चुलतभाऊ बौद्ध आहे, तो त्या जागेवर उभा राहू शकतो. आमचं आडनाव एक, पणजोबा एक, गावाबाहेरची वस्तीही एकच. पण माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून मी उभा राहू शकत नाही. हे कुठल्या पाळकानं ठरवलेलं नाही. अनुसूचित जातीत कोण धरायचं हे ठरवणाऱ्या, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद आहे. सुरुवातीला फक्त हिंदूंना सवलत होती, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, तो अहवाल पडून राहिला. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला.

आता सांगा, हे प्रार्थनेनं बदलणार आहे का? संसदेत बदलणार. आणि संसदेत पक्ष बसतात, पाळक बसत नाहीत. तुम्ही 'पक्ष नको' म्हणता तेव्हा माझा प्रश्न टेबलावरून खाली पडतो.

आठवी_गल्ली_राजारामपुरी

मी स्पष्ट बोलतो. मी भाजपचं काम करतो आणि दर रविवारी उपासनेला असतो. धागाकर्ती ताई पक्षाचं नाव घेत नाहीत, पण खाली प्रत्येकानं मनात ते लिहूनच टाकलंय. माझा प्रश्न सोपा आहे. वर्षानुवर्षं काँग्रेसवाले आमच्या नाताळात येत होते, हार घालून घेत होते, 'तुम्ही आमचेच' म्हणत होते. तेव्हा कुणाला पुलपिटची, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाची, पवित्रता आठवली नाही. बिंदूचौक म्हणतो तो १९५० चा आदेश कुणाच्या राज्यात निघाला आणि पुढची कित्येक दशकं कुणाच्या राज्यात तसाच राहिला? हिमाचलात २००६ मध्ये धर्मांतरविरोधी कायदा झाला, तोही काँग्रेसचं सरकार असताना. ख्रिस्ती माणूस म्हणजे एका पक्षाचा हक्काचा मतदार, हे आधी तुम्ही डोक्यातून काढा.

मिशनकंपाउंड_वाली

हार घालणं तेव्हाही गैरच होतं. तेव्हा धागा का काढला नाही म्हणाल, तर तेव्हा मी संडे स्कूलमध्ये तारे कापत होते.

निपाणीकर

राजारामपुरीचे दादा, अर्धीच गोष्ट सांगू नका. मी सीमेपलीकडचा. आमच्या कर्नाटकात २०२२ मध्ये तो कायदा आला, कुणाच्या सरकारात ते तुम्हाला ठाऊक आहे. २०२३ मध्ये सरकार बदललं आणि जूनमध्येच नव्या मंत्रिमंडळानं तो रद्द करायचा निर्णय घेतला. घरात चारजण प्रार्थनेला बसले तरी दारात गाडी येऊन थांबायची, त्या काळात आम्ही राहिलोय. 'सगळे पक्ष सारखेच' हे कोल्हापुरात बसून म्हणायला बरं वाटतं. सारखे नाहीत. आणि नसतील तर मंडळीला ते सांगायला नको?

आठवी_गल्ली_राजारामपुरी

सांगा की. पण घरी सांगा, चौकात सांगा, माझ्याशी भांडून सांगा. पुलपिटवरून नको. हेच तर ताई म्हणतायत, आणि या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूनं आहे. आमच्या पक्षाचा असला तरी माईक नको.

गंगावेस_मिसळ

मी ख्रिस्ती नाही, वाट चुकून इथं आलो. आमच्या मंडळाच्या आरतीला यंदा तीन पक्षांचे इच्छुक होते आणि ताट कुणाच्या हातात द्यायचं यावरून जोरात झाली. तुमच्याकडं निदान एकच पॅनेल आलंय, नशीबवान आहात.

सर्किटबेंच

कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणारा १९८८ चा केंद्राचा कायदा आहे. त्यानुसार देऊळ, मशीद, चर्च, कुठल्याच धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही, आणि जबाबदारी व्यवस्थापकावर येते. म्हणजे तुमच्या पंचांवर. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. 'धर्माच्या नावावर मत मागणं' म्हणून जे कलम सगळे फेकतात, ते लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं १२३(३). ते लोकसभा-विधानसभेसाठी आहे. २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल देऊन त्याची कक्षा वाढवली: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढं करून मत मागणंही भ्रष्ट आचार. ते प्रकरण मुंबईतल्या सांताक्रूझचं होतं.

पण मिशनकंपाउंड ताई, एक गोष्ट तुमच्याही विरोधात जाते. १९८८ च्या कायद्यात 'राजकीय काम' म्हणजे फक्त पक्षाचा प्रचार नाही. राजकीय स्वरूपाचा प्रश्न पुढं नेणंही त्यात येतं. अक्षराला धरून वाचलं तर तुमचं रमाबाईंसारखं भाषणसुद्धा चर्चच्या जागेत अडचणीत येऊ शकतं.

मिशनकंपाउंड_वाली

रमाबाईंनी वर्तमानपत्रात लिहिलं होतं, वकीलसाहेब, पुलपिटवरून बोलल्या नव्हत्या. बाकी मुद्दा कळला. पण मग आहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा लुबाडल्याचा जाब विचारणारा बायबलमधला संदेष्टा एलीया वाचायचाच नाही का? तो अख्खा प्रसंग जमीन बळकावण्याचा आहे. कोल्हापुरात मिशनच्या जागांवर कुणाकुणाचा डोळा आहे हे माहीत असलेल्या माणसाला तो उपदेश पक्षाचं नाव न घेता बरोबर कळतो.

वचन_आणि_प्रार्थना

एलीयानं आहाबाच्या विरोधात दुसरं पॅनेल उभं केलं नव्हतं.

मिशनकंपाउंड_वाली

हेच मी पहिल्यापासून म्हणतेय, काका!

इचलकरंजी_पॉवरलूम

मी कॅथलिक. आमच्याकडं हा वाद बिशपांच्या पातळीवर झालाय. २०१७ मध्ये गुजरातच्या निवडणुकीआधी गांधीनगरच्या आर्चबिशपांनी पत्र काढलं आणि त्यांना नोटीस आली. २०१८ मध्ये दिल्लीच्या आर्चबिशपांनी देशासाठी प्रार्थना करा म्हणून लिहिलं, त्यात देशातलं राजकीय वातावरण अस्वस्थ असल्याचं म्हटलं होतं. पक्षाचं नाव नव्हतं, तरी आठवडाभर चॅनेलवर तेच चाललं. म्हणजे नाव न घेताही ठपका बसायचा तो बसतोच.

पण त्याहून मोठा धडा केरळचा. १९५९ मध्ये निवडून आलेल्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध कॅथलिक चर्च उघड रस्त्यावर उतरलं, नायर संघटनाही बरोबर होती. ३१ जुलैला केंद्रानं ते सरकार बरखास्त केलं. चर्च जिंकलं म्हणायचं. पण निवडून आलेलं सरकार पाडायला आपण हात लावला, हे वाक्य तेव्हापासून आमच्या मानेवर बसलंय. आज आम्ही संविधान वाचवा म्हटलं की समोरचा १९५९ काढतो. पंचगंगा दादा, भिंत मिळेल हो तुम्हाला. पण समोरचं पॅनेल निवडून आलं तर? पाच वर्षं तुमची फाईल कुठल्या कपाटात जाईल?

पंचगंगा_घाट

आता तरी कुठं बाहेर आहे.

बिंदूचौक

इचलकरंजीकर, मला बिशपांचं नको, फादर स्टॅन स्वामींचं सांगा. ते कुठल्या पक्षात होते? आदिवासींच्या जमिनीसाठी आयुष्य घालवलं, २०२० मध्ये अटक झाली, ५ जुलै २०२१ ला जामिनाची वाट बघत गेले. पार्किन्सन झालेल्या माणसाला स्ट्रॉचा कप मिळवायला कोर्टात जावं लागलं. मला हे अवघड जातं: पक्ष नसलेला माणूस एकटा पडतो, आणि पक्षात गेलेला माणूस पक्षाचाच होऊन जातो. संविधान सभेत एच. सी. मुखर्जींसारख्या ख्रिस्ती नेत्यांनी अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नकोत म्हटलं, बहुसंख्य समाजावर विश्वास टाकला. मे १९४९ मध्ये त्या गेल्या. मोठेपणा होता त्यात. पण त्या मोठेपणाची किंमत मुखर्जींनी मोजली नाही, आमच्या वस्तीनं मोजली, असं मला कधीकधी वाटतं.

निपाणीकर

बिंदूचौक, तुझं खरंय. पण राखीव जागा असत्या तरी त्यावर कोण बसला असता? पक्षाचं तिकीट घेऊन आलेला 'आपला' माणूस. दफनभूमीत येऊन फोटो काढून गेला असता.

रंकाळा_फेरी

मी तरुण संघात आहे. मिझोराममध्ये काय करतात ते बघा. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चनं २००६ मध्ये इतर संघटनांना घेऊन मिझोराम पीपल्स फोरम काढला. तो कुणाला पाठिंबा देत नाही. खर्च किती, बॅनर किती, घरोघर प्रचार कसा, हे ठरवतो आणि सगळ्या उमेदवारांना एका मंचावर आणून लोकांसमोर बोलायला लावतो. आपणही तसंच करू या. चर्चमध्ये नको, वकीलसाहेबांचा कायदा आहेच. दसरा चौकात शाहू स्मारकचा हॉल घेऊ. शाहू महाराजांनी याच गावात जैन, मुस्लिम, लिंगायत, ख्रिस्ती अशा सगळ्यांच्या बोर्डिंगना हात दिला, तिथं सगळ्या पक्षांना एका रांगेत बसवायला काय हरकत आहे? भिंत, राखीव जागा, पाणी, सगळं विचारू.

आठवी_गल्ली_राजारामपुरी

मिझोराममध्ये बहुसंख्य ख्रिस्ती आहेत, तिथं चर्चनं डोळे वटारले की उमेदवार ऐकतो. इथं आपण बोलावलं तर चहा पिऊन जातील. तरी माझ्या प्रभागातल्या आमच्या उमेदवारांना घेऊन यायची जबाबदारी माझी.

वचन_आणि_प्रार्थना

रविवार सोडून कुठलाही वार ठेवा. मी श्रोत्यांत बसेन, मंचावर नाही.

पंचगंगा_घाट

हॉलचं भाडं कोण भरणार ते आधी सांगा. दानार्पणातून काढायचं म्हणाल तर मी आमच्या पंचमंडळीत पहिला विरोध करीन. चर्चचा पैसाही त्याच कायद्यात येत असणार, काय वकीलसाहेब?

सर्किटबेंच

येतो. वर्गणी काढा. माझे पाचशे धरा.