सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी इंजिन गेलं, सेंटरवाले म्हणतात दगड लागला. काय करू?

कोथरूडकर:
मंडळी जरा अर्जंट आहे, गाडी सर्व्हिस सेंटरला पडून आहे आणि ते उद्या इंजिन खोलतो म्हणतायत. शनिवारी पुण्यात ऑथराइज्ड सेंटरला पेड सर्व्हिसिंग केलं, ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक साफ वगैरे, बिल सात हजारांच्या आसपास. साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, आजवर काही कुरकुर नव्हती. रविवारी सकाळी आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला निघालो, खंबाटकी चढून वेळे गेलं आणि सुरूरच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. लगेच डावीकडे घेऊन बंद केली पण तेवढ्यात इंजिनातून खडखड सुरू झाली होती. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली तर कोरडी. खाली वाकून बघितलं तर चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) बोल्टपासून मागे सायलेन्सरपर्यंत सगळं ऑइलने माखलेलं, बाबांनी व्हिडिओ काढलाय. टो करून परत त्याच सेंटरला आणली. आता ॲडव्हायझर म्हणतो चेंबरवर ओरखडा आहे म्हणजे खालून दगड लागला, आणि दिवा लागल्यावर तुम्ही गाडी पळवली. हाफ इंजिन (इंजिनाचा खालचा अर्धा भाग) बदलावं लागेल, खर्च लाखाच्या वर, पण "इन्शुरन्समध्ये बसवून देतो, फक्त दगड लागला असं लिहून द्या" असंही म्हणाला. बाबा म्हणतात सही करून मोकळा हो. मला ते पटत नाहीये, पण चूक त्यांचीच हे सिद्ध कसं करायचं?

गॅरेजवाला_सातारा:
दादा आधी एक काम करा, आत्ताच्या आत्ता त्यांना मेल टाका की माझ्या समोर असल्याशिवाय इंजिन खोलायचं नाही आणि ड्रेन बोल्टला (चेंबरखालचा, ऑइल काढायचा बोल्ट) हात लावायचा नाही. एकदा बोल्ट काढून पुसून परत लावला की सगळं गेलं.

उद्या गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि मोबाईलचा व्हिडिओ चालू ठेवून हे बघा. दगड लागून ऑइल गेलं असेल तर चेंबर चेपलेलं नाहीतर फुटलेलं पाहिजे, बोल्टचं डोकं घासलेलं पाहिजे. नुसत्या ओरखड्याने तीन-साडेतीन लिटर ऑइल जात नाही. आणि ओरखडा नीट बघा, त्यात धूळ, गंज बसलेला असेल तर तो जुना. मग बोल्ट पान्याने सोडवताना बघा, जोर लागतो का नुसता फिरतो. बोल्टमागे वॉशर असतो, तो दरवेळी नवीन टाकायचा असतो. जुनाच चपटा झालेला वॉशर परत लावला किंवा टाकलाच नाही तर तिथून गळायला लागतं, आणि बोल्ट टॉर्क रेंचने (मोजून आवळायच्या पान्याने) न आवळता घाईत हाताने आवळला असेल तर हायवेच्या स्पीडला थरथरून सैल होतो. बोल्टचे आटे गेलेत का तेही बघा, वाकडा घुसवून मारला असेल तर आट्यात ॲल्युमिनियमची कीस अडकलेली दिसते. ऑइल फिल्टरही बघायचा राहू देऊ नका, कधीकधी जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहतं आणि त्यावरच नवीन फिल्टर बसवतात, मग दोन रबरं होतात आणि प्रेशर आलं की तिथून ऑइल फेकतं.

अजून एक, तुमच्या पार्किंगमध्ये शनिवारी रात्री गाडी जिथे उभी होती तिथे ऑइलचा डाग आहे का बघा. असेल तर आज फोटो काढा, सोसायटीवाले धुवून टाकायच्या आधी.

आणि ते जे म्हणतात ना दिवा लागल्यावर पळवली, तर तो दिवा ऑइलची लेव्हल दाखवत नाही, प्रेशर दाखवतो. तो लागतो तेव्हा पंप आधीच हवा ओढायला लागलेला असतो. हायवेच्या स्पीडला तिथून बेअरिंग जायला फार वेळ लागत नाही, तुम्ही कितीही लवकर थांबलात तरी.

घाटवळण:
गॅरेजवाले दादांचं बरोबर आहे पण दुसरी बाजूपण बघा, शिरवळच्या पुढे काम चालू असतं तिथे खरंच खडी उडते. त्यामुळे बघायच्या आधीच भांडायला जाऊ नका, आधी लिफ्टवर बघा मग बोला. आवाज चढवला की ते लोक ताठ होतात.

वकिलीण_नाशिक:
इन्शुरन्सच्या त्या कागदावर सही अजिबात करू नका, हे आधी सांगते. न झालेली गोष्ट लिहून दिलीत तर क्लेम खोटा ठरेल आणि सेंटरविरुद्धची तुमची स्वतःची केसही तिथेच संपेल, कारण दगड लागला हे तुम्हीच लिहून दिलेलं असेल. बाबांना हे समजावून सांगा. तसंही साध्या पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड बसत नाही म्हणून तर त्यांना दगडाचं कारण हवंय.

आता सगळं लेखी. जॉब कार्ड, बिल, टोची पावती, व्हिडिओ सांभाळून ठेवा. वर्क्स मॅनेजरला मेल करा, कंपनीच्या कस्टमर केअरला कॉपी ठेवा, आणि त्यात तीन गोष्टी मागा: बिघाडाचं कारण त्यांच्या लेटरहेडवर, शनिवारी गाडी कोणत्या टेक्निशियनने केली त्याची नोंद, आणि काम झालं त्या जागेचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं ही विनंती. फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं म्हणून हे आजच. शक्य असेल तर लायसन्स असलेला स्वतंत्र सर्व्हेअर (गाडीचं नुकसान तपासणारा) उद्या सोबत न्या, त्याचा रिपोर्ट पुढे फार कामाला येतो.

ऐकलं नाही तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, मुदत दोन वर्षं. आयोगाची फी तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, तुमचं बिल सात हजारांचं आहे. वकील असलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन टाकता येते.

पैसे भरल्याशिवाय गाडी सोडत नसतील आणि भरावेच लागले तर बिलावर "अंडर प्रोटेस्ट" (म्हणजे हरकत नोंदवून) लिहून मगच सही करा, आणि सॅटिस्फॅक्शन नोटवर (काम समाधानकारक झालं या कागदावर) करू नका.

कोथरूडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्रीच मेल टाकला होता. आज बाबा, मी आणि एक सर्व्हेअर गेलो. चेंबर कुठेही चेपलेलं नाही, ओरखड्यात गंज आहे. बोल्ट पाना लावल्यावर जोर न लावता फिरला आणि मागचा वॉशर जुनाच, एका बाजूने दबलेला. फिल्टर ठीक निघाला. वर्क्स मॅनेजर तिथेच उभा होता, व्हिडिओ चालू होता, दगडाचं नाव परत कोणी काढलं नाही. पार्किंगमध्ये डागही सापडला, छोटासाच, पण नेमका बोल्टच्या खाली. आता ते म्हणतात लेबर माफ करतो, पार्ट्सचे अर्धे तुम्ही द्या.

वकिलीण_नाशिक:
अर्धे कशाला? ऑफर मेलवर मागवा, तोंडी काही मान्य करू नका. सर्व्हेअरचा रिपोर्ट हातात आला की पूर्ण खर्च आणि टोचे पैसे मागणारं पत्र स्पीड पोस्टने पाठवा, उत्तराला १५ दिवस द्या.

गॅरेजवाला_सातारा:
आणि तो वॉशर आणि बोल्ट पिशवीत घालून, वर तारीख लिहून स्वतःकडे ठेवा. नवीन इंजिन बसवलं तर त्याची वॉरंटी लेखी घ्या, आणि जुनं इंजिन केस मिटेपर्यंत भंगारात देऊ देऊ नका.