ईमेलने पॅच पाठवणं: खेड्यातल्या पोरांना सोयीचं की जाचाचं?

दारव्हेकर: आमच्या तालुक्यातली काही पोट्टी लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या गाभ्याला, पॅच (कोडमधल्या बदलाचा तुकडा) पाठवायच्या तयारीत आहेत. "ईमेल काहून? पुल रिक्वेस्ट काहून नाही?" असं विचारतात. पुल रिक्वेस्ट म्हणजे गिटहबसारख्या वेबसाइटवर 'माझा बदल घ्या' अशी केलेली विनंती. मी ठामपणे ईमेलच्या बाजूचा आहे. कर्नलचा पूर्ण इतिहास काही जीबींचा. तो एकदा चांगल्या नेटवर उतरवून घेतला की पुढचं काम नेटशिवाय होते. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन; त्याची फॉरमॅट-पॅच ही आज्ञा कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलाची, साध्या मजकुराची फाइल करून देते. वीज गेली, टॉवर बंद पडला, तरी बॅटरीवर पॅच तयार. रेंज आली की गिट सेंड-ईमेल या आज्ञेने पाठवायचा. काही केबींचं काम. परीक्षकाचं उत्तरही त्याच ओळीखाली मजकुरातच येते, ते रानात बसून फोनवर वाचता येते. आणि कोण्या एका कंपनीच्या खात्यावाचून कोणाचं अडत नाही.

वणीवाला: भाऊ, फाइल काही केबींची, मान्य. पण ती पोचवेपर्यंत पोरगं जेरीस येते त्याचं काय? जीमेलच्या वेबपानात पॅच चिकटवला की टॅबच्या जागी स्पेस येतात, ७८ अक्षरांवर ओळी तुटतात, आणि तिकडे ईमेलमधला पॅच कोडला लावणारी गिट एएम ही आज्ञा तो घेत नाही. कर्नलच्या कागदपत्रांतच हे लिहिलंय. मग एसएमटीपी (ईमेल पाठवायची यंत्रणा) बसवा, दुहेरी पडताळणी चालू करा, अॅप पासवर्ड घ्या. आमच्या कॉलेजच्या वायफायवर तर त्यासाठी लागणारा ५८७ पोर्टच बंद होता. पुण्यातल्या पोराला शेजारच्या टेबलावर विचारायला सिनियर असतो, आमच्या पंचक्रोशीत कोण आहे? नेट कमी लागते, पण शिकवणारा माणूस जास्त लागतो, आणि तोच आपल्याकडे नाही.

दारव्हेकर: पोर्टचा तिढा सुटतो. बी४ नावाचं साधन आहे, ते कर्नल डॉट ऑर्गच्या वेब मार्गाने पॅच पाठवते, एसएमटीपी लागत नाही. बाकी जुळवाजुळव एकदाच करायची. पॅच आधी स्वतःलाच पाठवायचा, दुसऱ्या फोल्डरमध्ये गिट एएम करून पाहायचा, चुका दाखवणारं चेकपॅच चालवायचं, मग तो भाग कोण सांभाळते हे सांगणाऱ्या गेट-मेंटेनरने दिलेल्या पत्त्यांवर धाडायचा. हे मी कोणालाही बसवून शिकवायला तयार आहे.

वरुडकर: दारव्हेकर दादा, खुद्द गिटचा प्रकल्प पाहा. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये कर्नलसाठीच गिट लिहिलं, त्याचंही परीक्षण ईमेलनेच होते. तरी त्यांनी गिटगिटगॅजेट ठेवलंय: तुम्ही गिटहबवर पुल रिक्वेस्ट करा, ते तिचे पॅच करून ईमेलने पाठवते. जुन्या लोकांची पद्धत मोडली नाही, नव्याला दार उघडलं. कर्नलनेही असंच का करू नये?

मोर्शीची: माझा आक्षेप वेगळा आहे, आणि त्यावर कोणीच बोलून राहिलं नाही. पॅचखाली साइन्ड-ऑफ-बाय लागतं, म्हणजे कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे अशी हमी. २००४ पासूनची ती रीत योग्यच आहे. पण नाव आणि ईमेल पत्ता कायमचा जाहीर संग्रहात राहतो, पुसता येत नाही. गावातल्या मुलीला हे पाठवण्याआधी सांगायलाच हवं. माझ्या वर्गातल्या मुलींना मी त्यासाठी वेगळा पत्ता काढायला लावते.

दारव्हेकर: ताई, हे शिकवताना पहिल्याच दिवशी सांगीन. पण पुल रिक्वेस्ट केली तरी कमिटमधला पत्ता जगजाहीर होतोच, म्हणून हा दोष ईमेलच्या माथी मारू नका.

वणीवाला: आणि उत्तरच आलं नाही तर? पुल रिक्वेस्ट निदान 'उघडी' म्हणून दिसते. ईमेल गेली की गेली. कर्नलवाले सांगतात, किमान एक आठवडा थांबा, मग आठवण करा. एकटं पोरगं तेवढ्यात समजते की आपलं काम भिकार आहे, आणि सोडून देते. शिकवणार असाल तर पॅच गेल्यानंतरच्या त्या आठवड्यातही त्याच्याजवळ राहा, भाऊ. तेवढं कबूल करत असाल तर माझी दोन पोरं दारव्ह्याला पाठवतो.