बीएस्सी मायक्रोनंतर अमेरिकेत अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन: नाशिकहून अर्ज कसा करायचा?

गंगापूररोड_मायक्रो
नमस्कार. पुणे विद्यापीठाची तीन वर्षांची बीएस्सी (मायक्रोबायॉलॉजी), २०२१ ला पूर्ण, ६४ टक्के. सध्या नाशकातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. नर्सिंगला जायचं पक्कं आहे. अमेरिकेत दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांसाठी ११ ते १८ महिन्यांचा अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची बॅचलर पदवी) असतो, त्याला अर्ज करायचाय. तीन वर्षांची पदवी धरतात का? बहुतेक ठिकाणी किमान ३ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) मागितलाय, ६४ टक्के त्याच्या खाली जातात का? अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी मला नव्हतीच, ती इथे राहून करता येते का? सल्लागाराने दहा कॉलेजांची यादी दिलीय, त्यातल्या सहांपुढे 'हायब्रिड' लिहिलंय. ते काय असतं?

सिन्नरफाटा
शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण यादी तिथेच निम्मी होईल. हायब्रिड म्हणजे थिअरी ऑनलाइन, स्किल्स लॅब आणि क्लिनिकल (रुग्णालयातलं काम) प्रत्यक्ष. तिथल्या नोकरदारांना ते सोयीचं आहे. तुम्हाला मात्र एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा लागणार, आणि त्या व्हिसावर पूर्णवेळ शिक्षणात दर सत्राला ऑनलाइनचा एकच विषय, फार तर ३ क्रेडिट, धरला जातो. थिअरी सगळी ऑनलाइन असेल तर कॉलेज आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने द्यायचा फॉर्म) देऊ शकत नाही, आणि आय-२० शिवाय व्हिसाची मुलाखतच होत नाही.

इथे एक फसगत नेहमी होते. विद्यापीठाच्या वेबसाइटवर 'परदेशी विद्यार्थ्यांचं स्वागत' असतं, ते विद्यापीठाचं. नर्सिंगचा हा विशिष्ट ट्रॅक त्यात असेलच असं नाही. म्हणून अर्जाची फी भरण्याआधी दोन ओळींचा मेल टाका: 'अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनच्या या कॅम्पसवरच्या बॅचसाठी एफ-१ विद्यार्थ्याला आय-२० देता का? थिअरीचे किती विषय वर्गात होतात?' हा मेल अ‍ॅडमिशन ऑफिसला आणि इंटरनॅशनल ऑफिसला, दोघांना पाठवा. दोघांची उत्तरं जुळली तरच कॉलेज यादीत ठेवा. फोनवरचं 'हो' धरू नका, लेखी हवं.

जुने_सीबीएस
कागदपत्रांचं सविस्तर सांगतो, अर्ज सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

तीन वर्षांच्या पदवीबद्दल सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. परदेशी पदवी अमेरिकन पदवीच्या बरोबरीची आहे का याचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थांचे नियम वेगवेगळे. डब्ल्यूईएससारखी संस्था विद्यापीठाचं नॅक मानांकन आणि तुमचा वर्ग पाहून काही तीन वर्षांच्या पदव्या अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीच्या धरते. दुसरी संस्था त्याच पदवीला 'तीन वर्षांचं शिक्षण' एवढंच म्हणू शकते. म्हणून प्रत्येक कॉलेजला कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो ते आधी बघा आणि मगच पैसे भरा. अहवाल 'कोर्स-बाय-कोर्स'च मागवा. 'डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट' स्वस्त पडतो, पण त्यात विषयवार क्रेडिट आणि ग्रेड नसतात, त्यामुळे नर्सिंगला त्याचा उपयोग नाही.

६४ टक्क्यांची काळजी सोडा. आपल्याकडचे ६० च्या वरचे गुण साधारणपणे 'ए'मध्ये बदलतात, कारण आपलं गुणदान कडक असतं हे त्यांना ठाऊक आहे. स्वतः १०० पैकी ६४ म्हणजे 'डी' असा हिशेब करून बसू नका. मात्र एखाद्या पेपरला ४० च्या आसपास गुण असतील तर तो 'सी' ठरतो, आणि प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी पूर्ण हवेत अशा) विषयात काही ठिकाणी 'बी'च्या खालचं चालत नाही. एकूण टक्केवारीपेक्षा मायक्रो, केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्सचे पेपर वेगळे काढून बघा.

आता नावाची भानगड. पुणे विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि शेजारी आईचं नाव असतं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत. तिकडचा कारकून मार्कशीटवरचा पहिला शब्द 'फर्स्ट नेम' धरतो, म्हणजे तुमचं आडनाव तुमचं नाव होऊन बसतं आणि ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) तुमच्या अर्जाला जोडलाच जात नाही. दोन महिन्यांनी 'ट्रान्सक्रिप्ट मिळाला नाही' असा मेल येतो, तोवर मुदत गेलेली असते. अर्जात 'इतर नावे' असा रकाना असतो, तिथे मार्कशीटवरचं नाव त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने टाका. अर्जाचा संदर्भ क्रमांक मिळाला की तो ट्रान्सक्रिप्टच्या पाकिटावर लिहायला सांगा. पाकीट विद्यापीठानेच बंद केलेलं, झाकणावर सही-शिक्का असलेलं हवं. घरी आणून एकदा उघडलंत की ते बाद.

कॉलेजातून तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रमही साक्षांकित करून घ्या. प्रात्यक्षिकाचे तास त्यात स्वच्छ दिसायला हवेत. 'मायक्रोबायॉलॉजी विथ लॅब' हे त्यांना सिद्ध करून द्यावं लागतं, आणि आपल्याकडे प्रात्यक्षिकाचा पेपर वेगळा असल्याने तो जोडून दाखवला नाही तर थिअरी तेवढी मोजतात.

शिवाय मुदत. विज्ञानाचे विषय पाच, सात किंवा दहा वर्षांच्या आतले हवेत असा नियम असतो. तुमचे दुसऱ्या वर्षाचे पेपर २०१९-२० चे. पाच वर्षांचा नियम असलेल्या ठिकाणी ते जुने ठरतात, तिथे मायक्रो पुन्हा करावी लागेल. असली कॉलेजे यादीतून काढणं जास्त शहाणपणाचं.

पंचवटी_कारंजा
अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन भागांत असते, प्रत्येकी ३ क्रेडिट थिअरी आणि १ क्रेडिट लॅब, एकूण ८. नाशिकला बसून ऑनलाइन करता येते. मेन राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंडसारख्या ठिकाणी हे विषय सुटे घेता येतात आणि थेट अमेरिकन ट्रान्सक्रिप्ट मिळतो, म्हणजे मूल्यांकनाची कटकट नाही. पण ऑनलाइन लॅब सगळीकडे धरत नाहीत. आधी कॉलेजला विचारा, मग प्रवेश घ्या. जोडीला डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी आणि न्यूट्रिशन बहुतेक ठिकाणी लागतात. दोन भाग एकाच वेळी घेऊ नका. पहिल्यात पेशी, हाडं, स्नायू, मज्जासंस्था येते आणि दुसरा त्यावरच उभा असतो.

टीज ही नर्सिंगची प्रवेश परीक्षा १७० प्रश्नांची, २०९ मिनिटांची: रीडिंग ४५ प्रश्न, गणित ३८, विज्ञान ५०, इंग्रजी ३७. त्यातले २० प्रश्न मोजले जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. विज्ञानाच्या मोजल्या जाणाऱ्या ४४ प्रश्नांपैकी १८ अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे असतात. म्हणून निदान पहिला भाग संपल्याशिवाय तारीख घेऊ नका. किती वेळा देता येईल आणि दोन प्रयत्नांत किती दिवसांचं अंतर हवं, हे कॉलेज ठरवतं. काही कॉलेजे टीजऐवजी हेसी ए२ ही दुसरी प्रवेश परीक्षा मागतात. यादीत दोन्ही प्रकार ठेवले तर तयारी दुप्पट होते.

गणित सोपं आहे, तरी आपली मुलं एककांवर घसरतात. वजन पौंडात, द्रव औंसात. उदाहरण सोडवून दाखवते: रुग्णाचं वजन १५४ पौंड, औषध किलोला ५ मिलिग्रॅम. १५४ ला २.२ ने भागा, ७० किलो. ७० गुणिले ५, ३५० मिलिग्रॅम. घाईत पौंडालाच पाचने गुणलं तर ७७० येतं, आणि पर्यायांत ७७० ठेवलेलंच असतं. रोज दहा उदाहरणं हाताने करा. १ औंस म्हणजे साधारण ३० मिलिलिटर, १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवं.

इंग्रजीच्या परीक्षेत एकूण गुण पुरेसे असूनही नर्सिंगवाले स्पीकिंगची वेगळी अट लावतात. ती अट आधी वाचा.

म्हसरूळकर
शिफारसपत्रांबद्दल कुणी लिहिलं नाही. एक शिकवलेल्या प्राध्यापकांचं, एक लॅबमधल्या वरिष्ठांचं. ती संस्थेच्या ईमेलवरून जायला हवीत. जीमेलवरून आलेल्या पत्राची खातरजमा करत बसतात, कधी नाकारतातही. निबंधात 'लहानपणापासून सेवेची आवड' लिहू नका. लॅबमध्ये रक्त घेताना घाबरलेल्या माणसाला तुम्ही कसं शांत करता, हे चार वाक्यांत नेमकं लिहा. रुग्णसेवेचे तास दाखवायचे तर पत्रावर तारखा, वॉर्ड आणि एकूण तास हवेत.

आणि पुढचं चित्र कर्ज काढण्याआधी बघा, ही मनापासून विनंती. नर्सिंग ही अमेरिकेच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांच्या) यादीत नाही, त्यामुळे कोर्सनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांचीच. स्टाफ नर्सच्या साध्या पदाला एच-१बी (नोकरीचा व्हिसा) सहसा लागू होत नाही, कारण त्या पदासाठी बॅचलर पदवी किमान अट धरली जात नाही. मग उरतं ईबी-३ या नोकरीवर आधारित गटामधून ग्रीन कार्ड, आणि भारतीयांसाठी तिथे अनेक वर्षांची रांग आहे. ईएमआय १२ महिन्यांच्या पगारावर बसतो का, हा हिशेब कागदावर मांडा. त्याच पदवीवर ऑस्ट्रेलियात दोन वर्षांची ग्रॅज्युएट-एंट्री मास्टर्स आहे, उदाहरणार्थ मेलबर्न विद्यापीठाची. यादीत निदान दोन तिकडची ठेवा.

आपल्याकडे मात्र इतर पदवीधरांसाठी छोटा रस्ता नाही. दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्यांसाठी आहे. तुम्हाला इथे चार वर्षांची पूर्ण बीएस्सी नर्सिंग सीईटी देऊनच करावी लागेल.

गंगापूररोड_मायक्रो
सगळ्यांचे आभार. सहाही हायब्रिडना मेल पाठवले. अजून एक: लसींचे कागद प्रवेश मिळाल्यावर जमवले तर चालतील का?

सिन्नरफाटा
नको, आत्ताच सुरू करा. हेपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे अर्धं वर्ष तिथेच गेलं. नंतर अँटी-एचबीएस टायटर (लसीने आलेली प्रतिकारशक्ती मोजणारी रक्तचाचणी) करायचं, ते १० किंवा त्याहून जास्त हवं. लॅबमध्ये असल्याने डोस झाले असतील तर आधी टायटर करून बघा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांचंही टायटर मागतात. लहानपणी आजार येऊन गेला हे सांगून चालत नाही, रिपोर्ट लागतो.

टीबीसाठी त्वचेवरची चाचणी करू नका. आपल्याला जन्मल्यावर बीसीजी दिलेली असते, तिच्यामुळे ती चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, खुलासे, पत्रव्यवहार सुरू होतो. रक्तावरची इग्रा चाचणी करा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. रिपोर्टवर नाव पासपोर्टप्रमाणे टाकायला सांगा.