वजनदार माणसं कामात घ्यावीत की नाही?

नासर्डीकाठचा: आमच्या कॉलनीमागून नाशिकची नासर्डी नदी जाते, कागदोपत्री आता नंदिनी. गेल्या पावसाळ्यात आम्ही काठावर चाळीस झाडं लावली: करंज, कडुनिंब, उंबर. मे महिन्यात निम्मी वाळली. यंदा काही जण म्हणतात, आधी माजी नगरसेवकांना आणि हार्डवेअरवाल्या शेठना सोबत घेऊ. बाकीचे नाक मुरडतायत. तुमचा अनुभव काय?

सिडकोकर: अजिबात नको. आमच्याकडे रोप दोन फुटांचं आणि फ्लेक्स दहा फुटांचा होता. आमचे पुढारी भाऊ आले, फोटो झाला, गेले. खड्ड्यात माती लोटायची राहिली ती राहिलीच. पुढे ती 'भाऊंची झाडं' झाली, आणि दुसऱ्या गटातल्या पोरांनी पाणी घालणंच सोडलं.

पंचवटीतला नाना: बरं, मग उन्हाळ्यात टँकर कोण देणार? तुम्ही दहा चकरा मारता ते त्यांच्या एका फोनवर होतं. कडू आहे, पण खरं आहे.

ओझरची लेक: माझं माहेर ओझर, म्हणून तिथलं सांगते. वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेपटाला पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना जमवून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पाणीपट्टी संस्थेनं गोळा करायची. पुढे राज्याच्या २००५ च्या सिंचन कायद्यात तर संस्थेच्या संचालक मंडळावर शीर्ष, मध्य आणि पुच्छ, म्हणजे कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या, अशा तिन्ही भागांतले शेतकरी घ्यायचं ठरलं. म्हणजे वरचा बडा बागायतदार असू दे की, शेपटाकडचाही त्याच्या शेजारी बसतो. नानांचा टँकर घ्या, पण कारभार एकाच्या हातात देऊ नका.

सिडकोकर: तिथं पाण्यावर पोट आहे, ताई. इथं भाऊंचं काय अडलंय? ते काठावर राहतसुद्धा नाहीत.

ओझरची लेक: मग जो काठावर आहे त्याला गाठा. आणि 'सहकार्य करा' असं मोघम नको. काय हवं, किती दिवस, ते सांगा.

नासर्डीकाठचा: काल शेठकडे गेलो. गोडाऊन काठालाच आहे, बोअरही आहे. मार्च ते जून, एक दिवसाआड अर्धा तास पाणी, एवढंच मागितलं. म्हणाले, "पाणी घ्या, पाइप तुमचा. आणि फ्लेक्सवर माझं नाव नको, उगाच दुसरे नाराज होतात." नगरसेवकांचं अजून ठरलेलं नाही.

सिडकोकर: पाइप किती फूट लागतोय? माझ्याकडे शंभर फुटी पडून आहे. दोन ठिकाणी जोड आहे, तेवढं चालवून घ्या.