प्रति: तीन तारा कुठल्या लावायच्या?

सिगार बॉक्स गिटारला (सिगारच्या डब्यापासून केलेली तीन तारांची गिटार) सेटमधल्या कुठल्याही तीन तारा चालतात, असं इथे म्हटलंय, हे काही पटलं नाही. मीही पहिल्या डब्याला सर्वांत बारीक तीन लावल्या होत्या. पहिली तार 'ई'वरून 'जी'वर (ही पाश्चात्त्य स्वरांची नावं) चढवताना फाटकन तुटली आणि मनगटावर ओरखडा उठला. सिगार बॉक्स गिटारचं जी-डी-जी ट्यूनिंग करायचं तर साध्या सहा तारांच्या सेटमधली पाचवी, चौथी आणि तिसरी घ्या. पाचवी 'ए'ची असते, ती दोन अर्धस्वरांनी उतरवून 'जी' करायची. बाकी दोन, 'डी' आणि 'जी', आहेत तशाच. म्हणजे सा-प-सा. तंबोरा ऐकलेल्या कानाला हे लगेच सापडतं, ट्यूनर (स्वर दाखवणारं यंत्र) फक्त खात्रीला. (तारेची वाजणारी लांबी २५ इंचांच्या आसपास धरली आहे.)

आणि घोडीबद्दल, म्हणजे डब्यावर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीबद्दल, कुणीच बोललं नाही. ती चिकटवू नका! तारांच्या दाबानेच जागी राहते. तिची जागा ठरवायला बाराव्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, मग तिथेच दाबून छेडा. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी मानेपासून किंचित लांब सरकवा, उतरलेला आला तर जवळ. जाड तारेच्या बाजूला ती थोडी मागे, म्हणजे तिरकीच बसते. माझी चांगली तीनेक मिलिमीटर तिरकी आहे. नव्या तारा दोन दिवस उतरतच राहतात, तेव्हा हे काम दुसऱ्या दिवशी परत करावं लागेल. खुंटी पिळताना तार 'टिंग' करून उडी मारत असेल, तर मानेच्या वरच्या टोकाला तार बसते त्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.