मदत हवी आहे : प्रयोगशाळेतली नोकरी सोडून क्राफ्ट ब्रूअर व्हायचंय, शिरकाव कुठून करू?

नमस्कार मंडळी,

औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बरीच वर्षं काम करतेय. चाळिशी जवळ आली आहे आणि बिअर बनवण्याच्या शास्त्राचं वेड लागलंय. यापुढे पोटापाण्यासाठी हेच करायचं, हे मनाशी पक्कं आहे. पगार कमी होईल, त्याची घरी बोलणी झाली आहेत. सल्ला हवाय तो सुरुवात कुठून करावी याचा.

खरा ओढा रेसिपी रचण्याकडे आहे. ग्लासात काय हवंय ते आधी ठरवायचं आणि मग उलटं मागे जात धान्य, पाणी, हॉप्स (कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं), यीस्ट निवडायचं. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) तेच, पाणी तेच. पण मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेलं भरडलेलं माल्ट, ६३ अंश सेल्सिअसला ठेवला की आंबणारी साखर जास्त सुटते आणि बिअर कोरडी, हलकी होते. ६९ अंशांवर नेला की न आंबणारे डेक्स्ट्रिन मागे राहतात आणि तीच बिअर अंगानं भरीव लागते. पाण्याचंही तसंच. इंग्लंडमधल्या बर्टनच्या सल्फेटयुक्त पाण्यानं पेल एल या बिअरचा कडूपणा खुलला, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या पिल्सेनच्या मऊ पाण्यात फिकट लागर बिअर जमली. हे वाचताना मला भूक-तहान आठवत नाही.

शिवाय हे क्षेत्र मला परकं वाटत नाही. रोज वापरते ती पीएचची मोजपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ साली कार्ल्सबर्ग या डॅनिश ब्रूअरीच्या प्रयोगशाळेत मांडली. टी-टेस्ट ही संख्याशास्त्रातली चाचणी गिनेस ब्रूअरीत काम करणाऱ्या गॉसेट यांची, १९०८ सालची. शुद्ध यीस्टचं कल्चरसुद्धा कार्ल्सबर्गमध्येच १८८३ साली हॅन्सन यांनी वेगळं काढलं.

आता अडचण. एक रस्ता म्हणजे एखाद्या छोट्या ब्रूअरीत सेलरमध्ये, म्हणजे बिअर आंबवण्याच्या टाक्यांपाशी, मदतनीस म्हणून लागायचं. तिथे दिवसाचा मोठा भाग धुण्यातच जातो, हे माहीत आहे : कॉस्टिक, पेरासेटिक ॲसिड, केग, पाइप, वर २५ किलोची माल्टची पोती आणि टाकीत साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा धोका. कष्टांना माझी ना नाही. दुसरा रस्ता आधी शिकण्याचा. इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंग अँड डिस्टिलिंगच्या परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात. बर्लिनच्या व्हीएलबी या ब्रूइंग संस्थेचे किंवा हेरियट-वॉट विद्यापीठाचे अभ्यासक्रम त्याहून मोठे, त्यांना वेळ आणि पैसा दोन्ही लागणार.

माझा कल सेलरकडे आहे, कारण घरगुती २० लिटरची रेसिपी शंभरपट केली की ती तीच राहत नाही. मोठ्या केटलमधला (उकळण्याच्या भांड्यातला) वर्ट, म्हणजे माल्टचा न आंबलेला गोड रस, गार व्हायला वेळ घेतो, तोवर सुगंधासाठी शेवटी टाकलेले हॉप्सही कडूपणा सोडत राहतात. उंच टाकीत दाब वाढला की यीस्ट फळांच्या वासाचे एस्टर कमी बनवतं. हे टाकीपाशी उभं राहिल्याशिवाय अंगात मुरेल असं मला वाटत नाही. रेसिपी रचणाऱ्यानं आधी टाक्या धुतलेल्या असाव्यात, असं माझं ठाम मत आहे. चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

चव ओळखण्याचा सराव मात्र आत्तापासून करायचाय. डायअसिटिलचा लोण्यासारखा वास, ॲसिटाल्डिहाइडचा हिरव्या सफरचंदाचा, डीएमएसचा (डायमिथाइल सल्फाइडचा) उकडलेल्या मक्याचा, हे दोष नाकाला पक्के कसे बसवलेत तुम्ही? नमुन्यात दोषाचं द्रव्य मिसळून एकेकट्यानं सराव करता येतो, की सोबत चाखणारा गट हवाच?

आणि मुख्य प्रश्न, विशेषतः दुसऱ्या व्यवसायातून इथे आलेल्यांना. अर्जात प्रयोगशाळेचा अनुभव ठळक लिहू का? त्यानं दार उघडेल, पण मग मला कायमचं लॅबमध्येच बसवतील आणि केटलपर्यंत पोचूच देणार नाहीत, ही भीती वाटते. तुमच्या बाबतीत काय झालं? पहिली स्वतःची रेसिपी हातात पडायला साधारण किती काळ गेला?