पांढरा झेंडा: बी विंगचा ग्रुप

कुलकर्णीकाका: काल रात्री नातवासोबत इंडी ५००, ती अमेरिकेतली कार रेस, बघत होतो. पांढरा झेंडा दिसला, मी म्हटलं ट्रॅकवर कुठेतरी गाडी रखडली असणार, तर पोरगं म्हणतं आजोबा शेवटचा लॅप आहे. खरं काय?

तन्मय: काका तो बरोबर बोलला. तिकडे अमेरिकेत इंडीकार आणि नॅसकार या रेसिंगमध्ये पांढरा म्हणजे शेवटचा लॅप. तुम्ही म्हणताय ते फॉर्म्युला वनचं, तिथे पांढरा म्हणजे पुढे एखादी गाडी हळू चाललीय, जपून

स्मिताकाकू: पिवळा तरी सगळीकडे एकच ना रे

तन्मय: काकू धोका आहे एवढंच एक, पुढचं वेगळं. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, पिवळा लागला की अख्खा ट्रॅक पिवळा, सगळे पेस कारच्या (पुढे हळू चालणारी गाडी, हिलाच सेफ्टी कार म्हणतात) मागे रांगेत, कारण तिथे मिनिटाच्या आत गाड्या परत त्याच जागी येतात. फ्रान्समधल्या ल मांचा ट्रॅक १३.६ किमीचा, तिथे नुसता तेवढा पट्टा ८० च्या स्पीडला आणता येतो, स्लो झोन म्हणतात. आणि नॅसकारवाले २००३ पर्यंत पिवळा लागल्यावरसुद्धा लाइनपर्यंत रेस मारायचे!! न्यू हॅम्पशरला डेल जॅरेटची गाडी ट्रॅकवर बंद पडलेली आणि बाकीचे तिच्याच अंगावर सुसाट येत होते, मग कुठे ते बंद झालं

कुलकर्णीकाका: नातू म्हणतो सेफ्टी कार आली की मजा जाते

तन्मय: काका त्याला सुझुका २०१४ सांगा, जपानमधली फॉर्म्युला वन रेस. पाऊस, सुटिल नावाच्या ड्रायव्हरची गाडी बाहेर गेलेली, ती उचलायला ट्रॅक्टर आत, डबल पिवळे झेंडे हलवत होते. पुढच्याच लॅपला ज्यूल बियांकी त्याच वळणावर घसरला आणि थेट ट्रॅक्टरखाली. नऊ महिने कोमात होता, जुलै २०१५ मध्ये गेला, फक्त २५ वर्षांचा. पिवळ्याला किती हळू व्हायचं हे तेव्हा ड्रायव्हरच्या अंदाजावर होतं, २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली, म्हणजे खरी गाडी न आणताच सगळ्यांना हळू करायचं, आता आकडा स्क्रीनवर येतो आणि त्याहून फास्ट गेलं की पेनल्टी. तरी २०२२ ला तिथेच पावसात गॅस्ली या ड्रायव्हरच्या बाजूला ट्रॅक्टर होता, तो रेडिओवर अक्षरशः ओरडत होता. मला अजून राग येतो त्याचा, गाड्या ट्रॅकवर असताना ट्रॅक्टर आत सोडलाच कसा

स्मिताकाकू: बापरे

कुलकर्णीकाका: संध्याकाळी बसवतो त्याला

तन्मय: हो पण काका व्हिडिओ नका दाखवू, लहान आहे तो, नुसतं सांगा